वानरसेनेतला खलाशी

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी परवा भाच्याला मिशा लावायच्या होत्या. रंगभूषाकाराने डिंकाची बाटली उघडली आणि स्पिरिटचा झणझणीत वास नाकात गेला. भाचा शिंकला. मी बोईसरमध्ये उभी होते, पण मन लहानपणीच्या उंबरगावात जाऊन पोचलं.

तेव्हा मावशी बोर्डीला राहायची. रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेचं चित्रीकरण उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत चालायचं. मे महिन्याच्या सुटीत आम्हा मुलांना टेम्पोत घालून ते बघायला नेलं होतं. राम-सीता दिसले की नाही, आठवत नाही. आठवतो तो एक वानर. मुखवटा कपाळावर सरकवलेला, शेपूट गुंडाळून काखेत धरलेलं, गालावर डिंकाचा ओला पट्टा, हातात चहाचा ग्लास. मावशीच्या वाडीत चिकू वेचायला येणाऱ्या बाईचा तो मुलगा, झाई गावचा. मला ओळखून म्हणाला, “उद्या आमी लंकेत जानार.”

बोर्डी महाराष्ट्रात आणि उंबरगाव गुजरातेत, हे मला पुढे भूगोलाच्या पुस्तकात कळलं. 1960 सालापर्यंत तर उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होतं. झाईच्या लोकांचे सोयरे दोन्हीकडे आहेत, बाजारहाट दोन्हीकडे आहे. त्या दिवशी आमच्या टेम्पोने सीमा ओलांडली तेव्हा कुणी हात दाखवून थांबवलं नाही.

माझा स्वतःचा किनारा चिंचणी-तारापूरचा. एका बाजूला अणुवीज केंद्र, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. वसाहतीतलं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडतात. या पाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं, कारण जाळी रिकामी येऊ लागली होती. तिकडे डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवर भाताची लावणी उरकली की पुढे हाताला काम नसतं. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठते आणि तरुण पोरं तांडेलकडून उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. घराची कौलं, बहिणीचं लग्न, आईचं दुखणं त्या उचलीतून भागतं. वानरसेनेतला तो मुलगाही असाच खलाशी झाला. आणि एका हिवाळ्यात त्याची बोट पकडली गेली. रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात.

सर क्रीकच्या खाडीचा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे त्यापुढच्या समुद्रातली भारत-पाकिस्तानची हद्दही ठरलेली नाही. जिच्यावर दोन सरकारांचं एकमत नाही अशी रेषा माशामागे जाताना ओलांडली, म्हणून माणूस गजांआड जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 1982 च्या सागरी कायद्याचं 73 वं कलम स्पष्ट आहे: देशादेशांत तसा वेगळा करार नसेल, तर विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला कैद देता येत नाही. दोन्ही देशांनी या कायद्यावर सह्या केल्या आहेत. 2008 साली दोघांनी आपसात करार केला, की शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात माणूस सोडायचा. तरीही शिक्षा महिन्यांची आणि कैद वर्षांची.

बोर्डीहून डोंगराकडे पाहिलं की बाहरोट दिसतो. पारशांची वस्ती असलेलं संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी तिथल्या गुहांत बारा वर्षं लपवून जपला, असं त्यांची परंपरा सांगते. त्याआधी काही शतकं ते इराणहून गलबतांतून याच किनाऱ्याला लागले होते. त्यांच्यामागून, अगदी अलीकडच्या काळात आलेल्या इराण्यांनी डहाणू-घोलवडच्या वाड्या फुलवल्या. म्हणजे तो मुलगा आणि त्याची आई ज्या चिकूच्या झाडांखाली राबले, त्यांच्या मुळाशीही समुद्रापलीकडून आलेली माणसं आहेत. या इतिहासाचा मलीरशी थेट संबंध नाही, हे मला कळतं. पण मलीरचा विचार करताना समुद्र ओलांडून आलेल्यांना आसरा देणारा बाहरोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

एका माणसाला मात्र मी क्षमा केलेली नाही. त्या मुलाच्या आईला घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. म्हातारीने लेकाचा फोटो टेबलावर ठेवला. खुर्चीतल्या गृहस्थांनी फोटोकडे न बघता विचारलं, “जातात कशाला तिकडे?” तिने उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, कारण माझा आवाज फुटला असता. उत्तर आजही तयार आहे: पोटासाठी, साहेब. तुम्ही सकाळी घरातून निघता त्याच कारणासाठी.

नोव्हेंबर 2021 मध्ये ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला आणि पालघरजवळच्या वडराईचा खलाशी गेला. मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या कैदेत वारला. त्याचा देह पाड्यावर यायला दीड महिना लागला. दीड महिना ते घर कशाच्या आधारावर जगलं असेल?

आमचा वानर परत आला. वाघा, मग गाडी, मग वेरावळ, मग झाई. केस पांढरे झालेले, पिशवीत तुरुंगात ओवलेलं मण्यांचं पाकीट. आई तोवर गेली होती. मी भेटायला गेले. तुरुंगाबद्दल विचारायचं ठरवून गेले होते, ते काही तोंडातून निघेना. आपणहून तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलू लागला. कराचीतल्या इब्राहिम हैदरी या मच्छीमार वस्तीतला एक जण त्याला भेटला होता. त्याचा भाऊ गुजरातच्या तुरुंगात होता. “त्याची आई पन आमच्यासारखीच कार्यालयात जायची,” तो म्हणाला.

तोवर माझा सगळा राग पलीकडच्या किनाऱ्यावर होता. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. जुलै 2025 च्या यादीत पाकिस्तानकडे 193 भारतीय मच्छीमार होते. आपल्याकडे त्यांचे 81. पहिला आकडा मी पाठ केला होता. दुसरा कधी वाचलाच नव्हता, कारण ती माणसं ‘त्यांची’ होती. आता मला दोन्ही आकडे एकत्र धरून भांडायचं आहे. 193 अधिक 81. ज्यांची शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटलं, अशा आपल्याकडच्या मच्छीमारांना सोडण्यासाठी आपल्याला पाकिस्तानच्या परवानगीची गरज नाही. सुरुवात इथूनच व्हावी.