विंझरचा चिखल आणि जैसलमेरची वाळू

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघून नसरापूरच्या फाट्यावर पश्चिमेस वळले, की आंबवणे, करंजावणे, मार्गासनी ही गावे मागे टाकीत रस्ता वेल्ह्याकडे जातो. या रस्त्यावर, वेल्ह्याच्या थोडे अलीकडे, आमचे विंझर गाव आहे. एकीकडे राजगड, दुसरीकडे तोरणा, आणि मध्ये भाताची खाचरे. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यास या गावाची खरी ओळख होत नाही. ती व्हावयाची असेल तर आषाढात यावे. पाऊस एकदा डोंगरावर बसला की आठ-आठ दिवस उठत नाही, आणि शेताकडे जाणारी प्रत्येक वाट गुडघाभर चिखलाची होते.

या चिखलातून गाडी काढण्याची विद्या आमच्या थोरल्या बंधूंइतकी पंचक्रोशीत फार थोड्यांस साधली असेल. त्यांना आम्ही सारेच दादा म्हणतो. आम्ही नोकरीनिमित्त पुण्यास राहिलो. वाडा, शेती आणि आई यांचा सांभाळ दादांनी केला. चारही चाकांना गती मिळणारी त्यांची गाडी शेतावर बियाणे नेते, आजाऱ्यास दवाखान्यात पोहोचविते आणि रुतलेल्या ट्रॅक्टरलाही दोर लावून बाहेर ओढते. दादांचे सूत्र सोपे आहे. चिखलाखाली कोठे तरी घट्ट भुई असतेच. टायर हवेने टणक असावेत, त्यांवरच्या खाचा खोल असाव्यात, म्हणजे चाक चिखल कापून त्या भुईपर्यंत उतरते आणि तिला धरते. मग इंजिनाचा जोर तुटू न देता पार व्हावयाचे. वीस-बावीस वर्षांत या सूत्राने त्यांना कधी दगा दिला नाही.

गेल्या पौषात आईने जैसलमेरला जाण्याची इच्छा बोलून दाखविली. आमचे मामा सैन्यात होते व १९७१ च्या युद्धाच्या वेळी त्यांची नेमणूक त्या बाजूस होती. त्यांनी पत्रांतून वर्णिलेली वाळू आईस एकदा डोळ्यांनी पाहावयाची होती. तिचे वय एकोणऐंशी. ही इच्छा पुढे ढकलण्याजोगी नव्हती. तेव्हा आई, दादा, वहिनी, दादांचा मुलगा आणि आम्ही असे पाच जण दादांच्याच गाडीने निघालो. बाराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. वाटेत मुक्काम करीत चौथ्या दिवशी जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला दिसू लागला. रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसविलेले हे नगर सायंकाळच्या उन्हात खरोखरच सोन्याचे भासते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरांवरील सम या ठिकाणी वाळूच्या टेकड्या पाहावयास गेलो. वाटेत तुरळक काटेरी झाडे दिसत होती. वाटाड्या म्हणून घेतलेल्या तेथील वृद्ध गृहस्थांनी एका झाडाचे नाव खेजडी असे सांगितले. आईने पाने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली शमी!" जेथे वर्षास दोनशे मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस पडतो, तेथे दसऱ्याचे झाड भेटावे याचे तिला फार समाधान वाटले.

डांबरी रस्ता सुटताच वाटाड्यांनी गाडी थांबविण्यास सांगितले व चाकांतील निम्मी हवा काढावी असे सुचविले. दादांना हे अगदी विपरीत वाटले. "निम्म्या हवेवर चालवायचे, तर पंप कशाला बरोबर घेतला?" असे म्हणून ते हसले. पुतण्या हळूच म्हणाला, "बाबा, ते म्हणतात ते बरोबर आहे. मी वाचले आहे." त्यावर दादांचे उत्तर ठरलेले होते. "वाचून गाडी चालत नसते." आमच्या घरात दादांच्या शब्दापुढे बोलण्याची पद्धत नाही. आम्हीही बोललो नाही, आणि ही चूक दादांइतकीच आमचीही होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

पहिली टेकडी गाडीने सहज ओलांडली. दुसरीच्या माथ्यापलीकडे मात्र वाळू एकाएकी मऊ लागली. वारा ज्या अंगाने येतो तो उतार लांबट व दबलेला असतो. माथ्यापलीकडे घसरून साठलेली वाळू मात्र सैल असते व तिचा उतार फार उभा असतो. पुढची चाके रुतली. दादांनी सवयीप्रमाणे इंजिनाचा जोर वाढविला. चिखलात जे चाक घट्ट भुई शोधीत खाली जाते, ते येथेही खाली गेले. परंतु येथे खाली भुई नव्हतीच, वाळूखाली पुन्हा वाळूच होती. पाहता पाहता चाके आसापर्यंत गाडली गेली आणि गाडीचे पोट वाळूवर टेकले. मग चारही चाके नुसती जागच्या जागी फिरू लागली.

अकरा वाजून गेले होते. रस्ता दृष्टीआड झाला होता. पौष असला तरी वाळवंटातील ऊन चढत होते. त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास होता आणि बरोबर पाण्याचा एकच डबा होता. वहिनींनी आईच्या डोक्यावर लुगड्याचा पदर ओढून तिला गाडीच्या सावलीत बसविले. दादांचा चेहरा पाहवत नव्हता. संकट गाडीचे होते, परंतु त्यांना सलत होते ते निराळेच. आईला आपण येथवर आणले, आणि आपल्याच हट्टाने अडकविले!

समोरून उंटांची एक रांग चालली होती. आई बराच वेळ तिकडे पाहत होती. मग ती दादांना म्हणाली, "अरे, त्या उंटाचे पाऊल बघ. टेकले की भाकरीसारखे पसरते. आपल्या बैलाचा खूर चिखलात शिरताना फाकतो आणि निघताना मिटतो. देवाने ज्याला त्याला त्याच्या भुईजोगे पाऊल दिले आहे. गाडीला मात्र तू विंझरचेच पाऊल घालून आणलेस."

दादा काही बोलले नाहीत. ते उठले, किल्लीच्या टोकाने स्वतःच एकेका चाकाची हवा सोडू लागले. बत्तीस पौंडांवरून काटा पंधरावर आला. आम्ही सर्वांनी हातांनी पोटाखालची व चाकांपुढची वाळू उपसली, चाकांखाली सतरंज्या अंथरल्या. मग दादांनी किल्ली मुलाच्या हाती दिली व म्हणाले, "घे, तू चालव. वाचले आहेस ना?" या बोलण्यात उपरोध नव्हता. वडिलांच्या देखत त्या गाडीच्या चक्राला मुलाने हात लावण्याची ती पहिलीच वेळ होती.

वाटाडे सांगत गेले आणि मुलगा ऐकत गेला. खालच्या टप्प्याचा गिअर टाकावा, जोर अगदी हळूहळू द्यावा, चाक जागीच फिरू लागले की तत्काळ थांबावे, आणि आपल्याच चाकोरीने मागे यावे. गाडी हलली, थबकली, पुन्हा हलली आणि अखेर दबलेल्या वाळूवर आली. येथे ब्रेक न दाबता ती आपोआप थांबू द्यावी, थांबताना तोंड उताराकडे असावे, आणि चढउतारावर आडवे कधी वळू नये, हे नियम आम्हांस तेथेच समजले.

रात्री चंद्रोदयानंतर आईने उपास सोडला. तेव्हा पुतण्याने यातील शास्त्र सांगितले. टायरमध्ये हवेचा दाब जितका, साधारण तितक्याच दाबाने चाक भुईस रेटते. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि चाक वाळूवर तरते. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या काळात लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेऊन ही विद्या कमावली आणि १९४१ मध्ये वाहत्या वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. मात्र पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. तशा टायरवर वेगाने गेल्यास तो तापून फुटतो. दादा हे सारे लक्षपूर्वक ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोंगेवाला येथे गेलो. डिसेंबर १९७१ मध्ये तेथे चालून आलेले शत्रूचे कित्येक रणगाडे व गाड्या मऊ वाळूत अडकल्या, आणि दिवस उजाडताच आपल्या विमानांनी त्यांचा समाचार घेतला. आईने तेथे भावाच्या आठवणीने हात जोडले. दादा मात्र वाळूकडे पाहत म्हणाले, "जोर त्यांच्याकडे काय कमी होता?"

पुढे आषाढात आम्ही विंझरला गेलो, तेव्हा शेताची वाट नेहमीप्रमाणे बुडाली होती. गाडी पुतण्या चालवीत होता व दादा शेजारी बसले होते. चिखलाच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवून विचारले, "बाबा, येथे कसे घेऊ?" दादांनी खाली उतरून काठीने तळ चाचपला, आणि मग त्याला वाट दाखविली. चिखलाचे ज्ञान वाळूत उपयोगी पडले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. ज्या भुईवर उभे आहोत ती कोणाच्या ओळखीची, एवढे आधी विचारावे लागते. त्या दिवशी तसे विचारले गेले, आणि गाडी पार झाली.