अनवाणी पाय आणि रोव्हर्स चषक

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर परिसराचा चेहरामोहरा पालटतो. नीरा डाव्या कालव्याच्या आसपासच्या उसाच्या फडांत कोयते चालू लागतात, भवानीनगरच्या कारखान्याकडे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रीघ लागते आणि माळावर बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. नेमक्या याच दिवसांत, नाताळानंतरच्या आठवड्यात, आमच्या धर्मग्रामात दोन्ही तालुक्यांतील मुलांचे फुटबॉलचे सामने भरतात. काही वर्षांपूर्वीच्या सामन्यांची एक हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते; कारण तीत चूक आमची आहे.

फुटबॉलचे वेड आम्हांला पुण्याच्या सेमिनरीत लागले. मुंबईचे एक वयोवृद्ध फादर संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषकाच्या गोष्टी सांगत. १९४९ ते १९५७ या काळात युरोपात स्पेन, इटली, फ्रान्स आणि पोर्तुगाल या देशांतील अग्रगण्य क्लब लॅटिन चषकासाठी झुंजत असत. त्याचा उल्लेख निघाला की आमचे फादर अभिमानाने म्हणत, ‘त्यांचा लॅटिन, तर आपला रोव्हर्स!’

या चषकाला १८९१ साली मुंबईत आरंभ झाला, तेव्हा तो गोऱ्या पलटणींचा खेळ होता. पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटने नेला. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु हरला. अखेर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. तो भारतीय संघाच्या हाती येण्यास ४६ वर्षे लागली! पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिला नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. २००१ च्या सुमारास ही स्पर्धा बंद पडली. आज आमच्या मुलांना तिचे नावही ठाऊक नाही.

तर त्या वर्षी आम्ही सामन्यांची नियमावली छापली. तिसरा नियम असा होता : ‘प्रत्येक खेळाडूस बूट अनिवार्य.’ आदल्या वर्षी एका मुलाच्या पायाचे बोट ठेचले होते, त्याच्या आईने आमची बरीच कानउघाडणी केली होती. म्हणून हा नियम. सामन्यांच्या सकाळी माळावरच्या कोप्यांतून सात मुले आली. पाय उसाच्या पाचटाने कापलेले, अंगावर मोठ्यांचे सदरे. त्यांच्यातला थोरला पुढे होऊन म्हणाला, “फादर, आमास्नी बी खेळू द्या की.” आम्ही त्यांच्या पायांकडे बोट दाखवले. तो म्हणाला, “बुटं न्हाईत, फादर. नुसते पाय चालत न्हाईत का?” आम्ही उत्तर दिले, “नियम सर्वांना सारखा असतो, बाळा.” मुलांनी वाद घातला नाही. ती मैदानाच्या कडेला बसली आणि दिवसभर बाहेर गेलेले चेंडू धावत जाऊन आणून देत राहिली.

त्या रात्री आम्हांला झोप लागेना. फादरांनी सांगितलेली एक गोष्ट पुनःपुन्हा आठवत होती. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध खेळला, तेव्हा त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सामना २-१ असा गमावला. पण अनवाणी आहात म्हणून कोणी त्यांना परत पाठवले नाही.

नियमाची बाजूही आम्ही मनाशी मांडून पाहिली. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. ते योग्यच झाले. चारच वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नला नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. सामना आपण ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत आपला संघ चौथा आला. याच नेव्हिल यांच्या कॅलटेक्स संघाने १९५८ साली रोव्हर्स चषकही पटकावला. गोव्याच्या आसगावात जन्मलेल्या या कॅथलिक खेळाडूचे नाव घेताना आमच्या फादरांचा आवाज कापत असे.

मग बुटांचा आमचा नियम कोठे चुकला? आम्हांला वाटते, तो एकटा होता म्हणून चुकला. नेव्हिल यांच्यामागे तेल कंपनी होती, हैदराबादच्या खेळाडूंमागे पोलीस खाते होते, राष्ट्रीय संघामागे रहीमसाहेबांसारखा प्रशिक्षक होता. खेळाडूला नोकरी देणारे, शिकवणारे कोणीतरी होते. त्या मुलामागे कोण उभे होते? आम्ही त्याच्या हाती नियम दिला, बूट दिले नाहीत. सर्वांना सारखा असलेला नियम सर्वांना सारखाच झेपतो असे नाही, ही साधी गोष्ट आम्हांला कळायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही कोप्यांकडे गेलो. टोळी पहाटेच दूरच्या फडावर हलली होती. चुलींची राख तेवढी शिल्लक होती.

पुढच्या वर्षी धर्मग्रामातील कुटुंबांनी मुलांचे आखूड झालेले बूट आणून दिले. सॅक्रिस्टीतल्या एका कपाटात ते लहानमोठ्या मापांनुसार लावून ठेवले आहेत. तिसरा नियम आम्ही खोडला नाही. त्याखाली एक ओळ वाढवली : ‘ज्यांच्याकडे बूट नाहीत, त्यांनी फादरांकडे मागावेत.’ आता कोप्यांतील मुलांचा संघ दरवर्षी खेळतो, आणि एकदा त्याने आमच्या वेदीसेवकांच्या संघाला चांगलेच हरवलेही.

ज्याला आम्ही परत पाठवले, तो मुलगा मात्र पुन्हा आला नाही. आता तो तरुण झाला असेल, कोठल्यातरी फडात कोयता चालवीत असेल. नाताळानंतर कपाट उघडले की त्याच्या मापाचे बूट कोणते असतील, असा विचार अजूनही आमच्या मनात येतो.