तिचा अंगठा मजकुरावर येऊ नये

पान आखायला घेतलं की मी आधी समास ठरवते. मथळा, चित्र, रंग हे सगळं नंतर. तरुण मुलींसाठी निघणाऱ्या एका स्त्रीवादी मासिकाची मांडणी मी करते, आणि या कामातला माझा पहिला प्रश्न अजून बदललेला नाही: ही मुलगी अंक कुठे बसून वाचणार? बहुतेक वेळा ती बसलेलीच नसते. लोकलमध्ये किंवा एसटीत एका हाताने दांडी धरलेली असते, दुसऱ्या हातात अंक. म्हणून बाहेरचा समास एवढा हवा की तिचा अंगठा मजकुरावर येऊ नये. जाड अंक पुरता उघडत नाही, म्हणून आतला समासही सढळ. आकार डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. तो सॅकच्या पुढच्या कप्प्यात मावतो. यात स्त्रीवाद कुठे आला, असं कुणी विचारलं तर मी सांगते, तो इथूनच सुरू होतो. घरात जिला स्वतःचं टेबल नाही आणि सलग तास मिळत नाही, तिच्या वाचनाची सोय पाहणं हे मांडणीचं पहिलं राजकारण आहे.

मराठीत बाईसाठी मासिक काढणं नवं नाही. शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ सुरू केलं ते १९३० मध्ये, आणि ते स्वतः चित्रकार होते. पुढे ‘स्त्री’च्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये पुण्यातून ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. त्याआधी ‘बायजा’ होतं, मुंबईत स्त्रीमुक्ती संघटनेचं ‘प्रेरक ललकारी’ होतं. चळवळीतल्या मासिकांकडे पैसा कमी आणि सांगण्यासारखं फार, त्यामुळे पानं पुष्कळदा गच्च भरलेली. त्या गच्च पानांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण आज १९ वर्षांच्या मुलीसमोर मी तसं पान ठेवणार नाही.

दुसरीकडे आपल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. दीनानाथ दलालांची रेषा, रघुवीर मुळगावकरांचे रंग यांवर माझ्या पिढीचे हात घडले. आजही दलालांचं एखादं चित्र समोर आलं की मी काम बाजूला ठेवते. पण त्या मुखपृष्ठांवरची बाई बहुतेक वेळा पाहिली जाण्यासाठी उभी असते. तिच्या हातात दिवा असतो, पण ती कुठे निघाली आहे ते आपल्याला कळत नाही. आमच्या मुखपृष्ठावरची मुलगी कुठेतरी निघालेली हवी, किंवा कुठेही निघालेली नसून निवांत हवी. ही दुसरी गोष्ट काढायला जास्त अवघड आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांच्या वावराविषयीचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. शहरात बाईने काही काम नसताना नुसतं रेंगाळणं हाही तिचा हक्क आहे, ही त्यातली मांडणी माझ्या कामाला थेट उपयोगी पडली. टपरीपाशी चहाचा ग्लास घेऊन नुसती उभी असलेली मुलगी आम्ही मुखपृष्ठावर घेतली, तेव्हा चित्रकाराने सवयीने तिच्या हातात पुस्तक दिलं होतं. ते काढायला लावलं. पुस्तक असलं की तिथे उभं राहायला तिला कारण मिळतं, आणि आम्हाला तिला कारण द्यायचं नव्हतं.

आमच्याकडे एक चित्र मात्र बंद आहे: अष्टभुजा. आठ मार्च जवळ आला की लाटणं, लॅपटॉप, बाळ आणि गाडीची किल्ली धरलेल्या आठ हातांच्या बाईची चित्रं सगळीकडून येतात. अमेरिकेतल्या ‘मिस’ या मासिकाचा पहिला, नमुन्यादाखलचा अंक १९७२ मध्ये निघाला, त्यावर मिरियम वॉस्क यांनी काढलेली निळी, आठ हातांची, देवीसारखी बाई होती. तळणीपासून टंकलेखन यंत्रापर्यंत सगळं तिच्या हातांत होतं, आणि तिच्या डोळ्यांतून अश्रू येत होते. ते चित्र तक्रारीचं होतं. ज्या देशातून ही प्रतिमा गेली, त्या देशात आज त्याच आठ हातांचं कौतुक होतं आणि अश्रू मात्र पुसले गेले. कौतुक करून काम अंगावर टाकणारं चित्र मी छापणार नाही.

लंडनच्या ‘स्पेअर रिब’चं उदाहरण मला याहून शिकण्यासारखं वाटतं. मार्शा रो आणि रोझी बॉयकॉट यांनी ते १९७२ मध्ये सुरू केलं. मांडणी केट हेपबर्न आणि सॅली डाउस्ट यांची. अंक दिसायला नेहमीच्या बायकांच्या मासिकासारखा ठेवायचा आणि आत बाईच्या ठरीव भूमिका मोडायच्या, अशी ती योजना होती. तरी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विक्रेत्या साखळीने पहिला अंक दुकानात ठेवायला नकार दिला होता. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वाचकाचा विचार करताना ही योजना मला मोलाची वाटते. अंक घरी टीपॉयवर पडलेला राहू शकला पाहिजे. आजीने उचलून चाळला तर तिलाही दोन पानं वाचावीशी वाटली पाहिजेत.

म्हणूनच मदतवाहिन्यांचे क्रमांक आम्ही मलपृष्ठावर छापत नाही. १८१ आणि ११२ हे आकडे मोठ्या ठशात पाठीवर असले, तर ते घरातल्या प्रत्येकाला दिसतात. ज्याच्याविरुद्ध तिला मदत हवी आहे त्यालाही. ते आतल्या एका ठरलेल्या पानावर, ठरलेल्या कोपऱ्यात असतात. प्रत्येक अंकात तीच जागा. शेजारी चार ओळी: शून्य एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. जाहिरातदाराला तो कोपरा कितीदा हवा असतो. तो मिळत नाही.

अत्याचाराविषयीच्या लेखांची चित्रं हा माझ्या कामातला सगळ्यात जड भाग आहे. गुडघ्यांत तोंड खुपसलेली मुलगी, भिंतीवर पंजाची सावली, फाटलेली ओढणी ही चित्रं मागवावीही लागत नाहीत, आपोआप येऊन पडतात. त्यांत लाज तिच्या वाट्याला येते आणि करणारा चौकटीबाहेर राहतो. ज्या मुलीवर ते गुदरलं आहे तिने ते पान उघडलं तर? तिला पुन्हा त्याच कोपऱ्यात बसवण्याचा मला अधिकार नाही. अशा लेखाला आम्ही ठाण्यातलं लाकडी बाकडं काढतो, जबाबाचा कागद काढतो, कधी चित्रच देत नाही. अक्षरं पुरतात.

अक्षरांबद्दल मात्र मला तासभर बोलता येईल. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. रोमन लिपीच्या सवयीने ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो आणि डोळा अडखळतो. मी ११ पॉइंटच्या अक्षराला १७ पॉइंटची ओळ देते. संपादक म्हणतात, पानं वाढतील. खरंच वाढतात, आणि पानं एकेक करून वाढत नाहीत, १६ पानांचा अख्खा फॉर्म वाढतो. अशा वेळी मी एक लेख पुढच्या अंकात ढकलायला सांगते. संमती, पाळी, वारसाहक्क या गोष्टी जी मुलगी पहिल्यांदा छापील अक्षरांत वाचते आहे, तिला बारीक टाइपाची शिक्षा कशासाठी?

पूर्वी मराठी मजकुराला जेमतेम दोन जाडीचे टाइप मिळत. मथळ्यांना कमल शेडग्यांसारखे अक्षरांचे कलावंत होते म्हणून निभावलं. आता ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा टाइप सात वजनांत आणि मोफत उपलब्ध आहे. छोट्या, पैशाने तोकड्या मासिकाला याची किंमत मोठी आहे. तरी जागरण संपत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ‘लिहिणाऱ्या’, ‘शिकणाऱ्या’, ‘कमावणाऱ्या’ यांतला कोयत्यासारखा र मोडतो आणि त्याचा रफार होतो. आमच्या मासिकात हे शब्द पानोपानी असतात. प्रत्येक प्रूफात मी ते शोधून दुरुस्त करते. मराठी वळणाचे ल आणि श यांबाबतही मी हट्टी आहे.

रंगाचं एकच सांगते. आम्हाला आतल्या पानांना काळ्याशिवाय एकच जादा रंग परवडतो. गुलाबी नको, यावर आम्हा मोठ्यांचं एकमत होतं. मग चर्चेला आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, मला गुलाबी आवडतो. तो मुलींवर लादला हे खरं, पण आता तुम्ही काढून घेताय.” बुंदेलखंडातल्या संपत पाल यांच्या गुलाबी गँगने २००६ पासून हाच रंग अंगावर घेऊन लाठ्या हातात धरल्या, हेही तिनेच सांगितलं. ही चर्चा झाली त्या वर्षी आमचा दुसरा रंग राणी होता, आणि तो फार देखणा दिसला.

त्वचेच्या रंगाबाबत मात्र तडजोड नाही. मॅपलिथो कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि सावळा चेहरा छपाईत बुजतो. छापखान्यातून हमखास विचारणा होते, “मॅडम, चेहरा जरा उजळ करू?” गोरेपणाच्या एका क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातून ‘फेअर’ काढलं, पण छापखान्यातली ही सवय गेलेली नाही. यावर उपाय आहे: पार्श्वभूमी हलकी करायची, सावल्यांतले बारकावे मोकळे करायचे, कागदाचा हिशेब धरून फोटो आधीच तयार करायचा. कातडीला हात लावायचा नाही. यात वेळ जातो, म्हणून कुणी करत नाही. उसाच्या फडातल्या मुलीचा फोटो आणि तिचा छापील चेहरा यांत दोन छटांचा फरक पडला, तर तिच्याविषयी आत काय लिहिलं आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

संपादकांकडे लेखांवर भरपूर पत्रं येतात. पानांच्या मांडणीवर जवळजवळ येतच नाहीत. तेव्हा हे वाचणाऱ्या मुलींनो, तुम्ही जे कोणतं मासिक वाचता त्याच्या मांडणीबद्दल लिहा. कुठे अक्षर लहान वाटलं, कोणत्या चित्रापाशी पान मिटावंसं वाटलं, कोणता अंक घरात लपवावा लागला आणि कशामुळे, ते कळवा. ते समजल्याशिवाय पुढचा अंक आम्हाला नीट आखता येणार नाही.