जोकर अजून जिवंत का आहे?

काल फेसबुकने मेमरी दाखवली. ६ डिसेंबर २०१९. हैदराबादच्या बलात्कार-खून प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, त्या सकाळची माझी पोस्ट. "बरं झालं. सॅल्यूट!" एवढंच. खाली लाइक्सचा पाऊस. तेव्हा पत्रकारितेत पंधरा वर्षं झाली होती, त्यातली निम्मी कोर्टाच्या बातम्या करण्यात गेलेली. आरोपी आणि गुन्हेगार यातला फरक डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. तरी लिहिलं.

योगायोग बघा, सध्या भाच्याने दिलेली बॅटमॅनची कॉमिक्स वाचतोय. त्याचा प्रश्न असा, "मामा, बॅटमॅन जोकरला एकदाचा संपवत का नाही? दरवेळी पकडतो, आर्कमच्या इस्पितळात टाकतो, तो पळतो आणि परत माणसं मारतो. मग पुढच्या मुडद्यांचं पाप बॅटमॅनच्या डोक्यावर नाही का?"

प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. कारण बॅटमॅनच्या तत्त्वाची किंमत दुसरेच मोजतात. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर पोलीस कमिशनर गॉर्डनच्या मुलीला गोळी घालतो, ती कमरेखाली लुळी पडते. त्याच वर्षी त्याने रॉबिनला, म्हणजे जेसन टॉडला मारलं. पुढे हा जेसन परत येतो आणि बॅटमॅनला विचारतो की सगळ्यांना सोड, पण माझ्या खुनानंतरही हा एकटा जिवंत कसा? बॅटमॅनचं उत्तर प्रामाणिक आहे. मारावंसं वाटतं, मारणं सोपंही आहे, पण एकदा त्या वाटेला लागलो तर परत येणार नाही.

हे भित्र्याचं उत्तर आहे असं भाचा म्हणतो. पण 'इनजस्टिस'च्या कथेत सुपरमॅन जोकरला मारतो. कारणही रास्त, बायको आणि पोटातलं बाळ गेलेलं. पुढे हाच सुपरमॅन जगाचा हुकूमशहा होतो. यादी जोकरवर थांबत नाही.

आता जरा धंद्याचं. १९४० मध्ये जोकर पहिल्याच अंकात मरायचा होता. संपादकाने शेवटी चित्र बदलायला लावलं आणि तो वाचला. खलनायक खपतो ना! १९८८ मध्ये वाचकांकडून फोनवर मतदान घेतलं. ५,३४३ विरुद्ध ५,२७१, अवघ्या ७२ मतांनी रॉबिन मेला. गंमत म्हणजे जोकर मरावा का, हे कुणी विचारलंच नाही. मत मागितलं ते ज्याच्यावर घाव पडला त्याच्याच जिवावर.

पण मला सगळ्यात जास्त लागला तो गॉर्डन. मुलीला गोळी लागलीय, स्वतःचे हाल हाल झालेत, आणि तरी हा बाप बॅटमॅनला सांगतो, त्याला नियमाने पकडून आण. कमिशनर बोलतोय हे!

आणि इथेच माझी पोस्ट मला टोचते. कॉमिकमध्ये जोकरने गोळी झाडलेली आपण चौकटीत डोळ्यांनी बघतो. शंकेला जागाच नाही. तरीही बॅटमॅन थांबतो. माझ्यापुढे त्या सकाळी काय होतं? पोलिसांनी सांगितलेली हकीकत. खटला उभाच राहिला नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये म्हटलं की पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्यासारखी नाही, ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. ती बातमी मीही छापली. आतल्या पानावर, चार ओळी. सॅल्यूट मात्र वॉलवर तसाच.

लोकांचा राग खोटा नाही. तारखांवर तारखा घेत म्हातारे झालेले फिर्यादी मी रोज बघतो. पण आर्कमची कुलुपं तकलादू आहेत म्हणून बॅटमॅनच्या हातात बंदूक द्यायची, हा कुठला न्याय? कुलूप बदला म्हणून आपण बोंब मारत नाही. कोर्टात जज्ज कमी, सरकारी वकील कमी, तपासात ढिलाई, यावर लिहिलं की दहा लाइक्स. एन्काउंटरवर लिहिलं की हजार. मलाही ते माहीत आहे, म्हणून तर तेव्हा तसं लिहिलं.

ती पोस्ट डिलीट केलेली नाही. खाली कमेंटमध्ये लिहिलंय, "चुकलो होतो." भाच्याने तिथे अंगठा दिला नाही, उलट विचारलंय, "मामा, आणि फिर्यादी आपल्या घरातला असता तर?"

उत्तर अजून टाइप करतोय.