ताईचं लॉन

लहानपणी आम्ही पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत राहायचो. साहेबांच्या बंगल्यापुढे लॉन होतं, आमच्या क्वार्टरमागे नुसती हरळी. गवत दोन्हीकडे एकच, हे बऱ्याच उशिरा कळलं. गणपतीत आई दूर्वा आमच्याच बाजूच्या खुडायची, कारण तिकडे माळी मशीन फिरवून कोवळे शेंडे ठेवतच नसे.

पुढे लॉनशी संबंध आला तो लग्नांपुरता. गवतावर गालिचा, गालिच्यावर खुर्च्या. असो.

खरा प्रश्न पाडला तो ताईच्या साताऱ्याच्या बंद बंगल्याने. भावजी गेल्यावर ती मुलाकडे राहायला गेली आणि बागेला कुणी वाली उरला नाही. पावसाळा सरताना मी गेलो, तर फाटकापासून ओट्यापर्यंत कमरेएवढा टाकळा आणि कुंपणाशी गाजरगवत. (नावातच गवत, कूळ सूर्यफुलाचं. 1950च्या दशकात पुण्यात ते प्रथम नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं.) ताईने फोनवर विचारलं, "लॉन आहे का रे अजून?" मला सांगता येईना.

माळीबुवा म्हणाले, "सगळं उकरून मेक्सिकन लावू." मी म्हटलं, आधी कापून तर बघू. टाकळा शेंड्याने वाढतो, शेंडा पुन्हा पुन्हा छाटला की मागे पडतो. हरळीचे कोंब मात्र जमिनीलगत असतात. तिला विळा सोसतो, गुरांचं तोंडही सोसतं. सावली तेवढी सोसत नाही. मला विचाराल तर सतत कापूनही जे तगतं तेच लॉन, मग त्यात थोडा लव्हाळा का असेना. त्याच्या मातीतल्या गाठी कितीही खणा, दोन-चार राहतातच.

गाजरगवत फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटलं, बाकीचं कापत राहिलो. दिवाळीपर्यंत ओट्यापुढे हरळीच्या काड्या पसरून जागोजागी मुळं धरू लागल्या. आंब्याखाली मात्र उघडी मातीच. तिथे झाड वाढत गेलं तसं गवत आधीच संपलं असणार.

"ओट्यापुढचं आहे, आंब्याखालचं गेलं," मी ताईला कळवलं.

"आंब्याला हात लावू नकोस," ती म्हणाली, "आणि हौदाजवळचा केना राहू दे. पावसाळ्यात आले की भजी करीन."

माळीबुवांना ते काही पटलं नाही. त्यांच्या लेखी केना म्हणजे तणच.