दादीची सहल आणि गाडीतली टाकी

आमची दादी सहलीला निघाली की सकाळपासून पाणी पीत नाही. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, साखरेमुळे पुन्हापुन्हा जावं लागतं, आणि वाटेत कमोड कुठे मिळणार? दादीच का, आपल्या घरांतल्या कितीतरी बायका प्रवासात अशाच कोरड्या बसतात. म्हणून वसईला खालाकडे जायचं ठरलं तेव्हा आम्ही दोन दिवसांसाठी कॅरव्हॅन भाड्याने घेतली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये या गाड्यांसाठी पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून त्यांच्याबद्दल ऐकत होतो. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि कमोड. भाडं बरंच होतं, पण खुर्चीवर बसावं तशी दादी त्या कमोडवर बसली आणि आमचा पैसा वसूल झाला.

मुंब्र्याहून घोडबंदरमार्गे वर्सोव्याचा पूल ओलांडून दुपारी वसईच्या किल्ल्यावर पोहोचलो. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मुलं पडक्या चर्चमध्ये पळत होती, तेवढ्यात ड्रायव्हरने हाक मारली. कमोडचा लाल दिवा लागला होता.

कमोडखालचा डबा वीस लिटरचा. हा डबा कागद वापरणाऱ्यांच्या हिशोबाने बनवलेला आहे. आपल्याला इस्तिंजाला पाणी लागतं. लोटाभर ते, वर फ्लशचं अर्धा लिटर, म्हणजे एका खेपेला दोन लिटर धरा. दहा खेपांत डबा भरला. आम्ही सहा जण! हा हिशोब निघायच्या आदल्या रात्री करायला हवा होता, तो आम्ही किल्ल्याच्या दारात उभे राहून केला.

"खाडीवर नेऊन ओततो, पाच मिनिटांचं काम," ड्रायव्हर म्हणाला. खरं सांगायचं तर एक क्षण आम्हालाही ते सोपं वाटलं. दादीने आतून ऐकलं. पाण्याच्या जागी, वाटेत आणि सावलीत घाण करू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद तिने लहानपणी मदरशात ऐकलेली. "माझ्या एकटीच्या सोयीपायी कुणाच्या पाण्यात घाण नको," एवढंच ती बोलली. ड्रायव्हर गप्प झाला आणि आम्ही खालाला फोन लावला.

परदेशात कॅरव्हॅनच्या तळावर डबा रिकामा करायची जागा असते म्हणे. आमची जागा म्हणजे खालाचा संडास. लाज वाटली, पण खाला हसून म्हणाली, "या की, त्यात काय!" खालूंनी मात्र आधी विचारलं, डब्यात कुठलं औषध टाकलंय? फॉर्मल्डिहाइडचं असेल तर सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जंतू मरतात. बाटली वाचली, जैविक औषध होतं. मग डबा चाकांवर ओढत नेला, हळूहळू ओतला, दोनदा विसळला.

खालूंची ही काळजी उगाच नव्हती. त्यांच्या वाडीत विहीर आहे, जवळच बावखल. वसईतल्या या जुन्या तळ्यांत पावसाचं पाणी साठतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरींना गोडं पाणी मिळतं. इथे जमिनीवर जे ओताल ते विहिरीत येणार. सेप्टिक टाकी विहिरीपासून लांब आहे आणि ती भरली की पंपाची गाडी बोलावतात, माणूस आत उतरू देत नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये विरारमध्ये सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार दगावले, तो विषय निघाला की खालू अजून अस्वस्थ होतात.

बेसिनच्या पाण्याची टाकी वेगळी असते. त्यात आमच्या वुजूचं पाणी होतं, जुहरची नमाज गाडीतच वुजू करून अदा केली होती ना! नळ सोडून वुजू केला की पाच-सहा लिटर सहज जातात. प्रेषित (स.) एका मुद्दात, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वुजू करत. साबण किंवा खरकटं त्यात गेलं नव्हतं, म्हणून खालूंनी ते पाणी केळींना घातलं.

रात्री कागद घेऊन दुसरा दिवस आखला. गाडीतला कमोड फक्त दादीसाठी. बाकीच्यांनी मशिदीत, हॉटेलात किंवा पंपावर जायचं. वुजू मशिदीत, नाहीतर मग्यात पाणी घेऊन. परतताना, डबा अर्धा असला तरी, खालाकडे थांबून रिकामा करायचा.

सकाळी सोपाऱ्याला गेलो. अरब प्रवाशांच्या लिखाणातलं सूबारा बंदर ते हेच. स्तूप पाहिला. तिथून अर्नाळ्याला. गाडी वाळूत न घालता पक्क्या रस्त्यावरच ठेवली. किल्ला बेटावर, होडीत चढणं दादीला जमणारं नव्हतं, म्हणून तिला किनाऱ्यावर खुर्ची टाकून दिली. समोर किल्ला, मागे गाडी.

तिने शहाळं मागवलं. ते संपवलं आणि म्हणाली, "अजून एक सांग."