मातीची भिंत

आमच्या गावच्या तलावाला सिमेंटची भिंत नाही. आहे तो माणदेशातल्या मातीचा भराव. १९७२ च्या दुष्काळात ती माती पाट्यांनी वाहणाऱ्या बायांत माझी आई होती, आणि मी लिंबाखालच्या झोळीत. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची लालसर भाकरी. आई मात्र भुकेच्या गोष्टी फारशा सांगत नाही, मातीच्या सांगते. मधे काळी, दोन्ही अंगांना मुरूम. काळी ओली करून मुठीत दाबायची. लाडू वळला तरच मुकादम थर घेऊ द्यायचा, मग वर रूळ. पुढे डिप्लोमाला ‘हार्टिंग’ आणि ‘केसिंग’ शिकवलं, तेव्हा मला ते घरचंच वाटलं.

शाळेत असताना रब्बीची पाळी सुटली की रात्री दारं धरायला जायचो. आमचं रान शेवटच्या चारीवर. वरचे लोक पाणी वळवून घ्यायचे, पाटकऱ्याशी भांडण ठरलेलं, आणि शाळूला पाणी लागेपर्यंत उजाडायचं. न्याय तेव्हाही नव्हता, पाणी होतं.

आता तलावानं पन्नाशी ओलांडलीय. उन्हाळ्यात गाळ न्यायला ट्रॅक्टरची रांग लागते, ते चांगलंच. भरावावरची वेडी बाभळ काढायला मात्र कुणी फिरकत नाही. झाड मेलं की मुळं कुजतात, आत पोकळ वाट राहते आणि पाणी तीच धरतं. घुशी-खेकड्यांच्या बिळांचंही तेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळती होतेय, असं गावकरी आधीपासून सांगत होते. दोष दिला गेला खेकड्यांना. लोक हसले; मला हसू आलं नाही. खेकडा बीळ करणारच, ते वेळेत बुजवायचं कुणी?

मातीचा भराव थोडा झिरपतोच. पायथ्याचं पाणी निवळ असेल आणि वाढत नसेल, तर बहुधा काळजी नाही. गढूळ असेल तर आतली माती वाहून चाललीय. तुमच्या गावी असा तलाव असेल तर बाभळ बोटाएवढी असतानाच उपटा, मृगाआधी सांडवा मोकळा करा, आणि पावसाळ्यात पायथ्याचं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. गढूळ दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तलाठ्याला रात्रीच उठवा.